आमच्या वेळीही होतं

लोणावळा असो, कामशेत असो की वडगाव, बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.’ बोलणारी कधी आजी असते, कधी चुलत सासू, कधी शेजारच्या वहिनी. नव्या आईला झोप लागत नाही, बाळ शांत झोपलं तरी ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का बघत बसते. किंवा बाळाला घेऊन जिना उतरायचा म्हटलं की पाय लटपटतात. किंवा स्वयंपाकघरात विळी दिसली की उठून बाहेर जाते आणि का गेली ते कुणालाच सांगत नाही. मग कुणीतरी सहा पोरं वाढवल्याचा दाखला देतं, ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणतं, आणि विषय मिटतो. तिच्यापुरता तो मिटलेला नसतो.

हे मत एकट्या आज्यांचं नाही. शिकलीसवरली माणसं, लेख लिहिणारे, काही डॉक्टरही तेच धरून चालतात. ते नीट मांडायचं तर असं: पूर्वी एकत्र घर होतं, माहेर होतं, सव्वा महिन्याची विश्रांती होती, मालिश-शेगडी होती, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होते, बाळंतिणीला क्षणभर एकटं सोडत नसत. म्हणून तिला धास्ती नव्हती. आता घरं फुटली, बाई नोकरीला लागली, हातात मोबाईल आला आणि हे नवं दुखणं आलं. उपायही त्यातूनच निघतो. माहेरी पाठवा, घरात माणूस ठेवा, तिच्यावर काही पडू देऊ नका, थोडा प्राणायाम करायला सांगा, आपोआप निवळेल.

या पूर्वपक्षात बरंच खरं आहे. झोप, अन्न आणि हाताखाली माणूस यांना पर्याय नाही. लोणावळ्यात बंगल्यांची राखण करणारी कितीतरी कुटुंबं बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली असतात. बंगल्यामागच्या एका खोलीत राहतात. जुलैत ढग घरात शिरतात, दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत, नवरा फाटकावर असतो, आणि त्या खोलीतल्या बाळंतिणीला अंघोळीला जायचं तर बाळ कुणाकडे द्यायचं हा प्रश्न असतो. तिला ‘घरात माणूस’ हेच पहिलं औषध आहे. याबद्दल वाद नाही. माझा वाद तीन गोष्टींशी आहे. हे दुखणं नवं आहे, भरलेल्या घरात ते येत नाही, आणि घाबरलेल्या आईच्या हातून सगळं काढून घेतलं की ती बरी होते. तिसरी गोष्ट सर्वांत घातक, कारण ती मायेपोटी केली जाते.

आधी नवेपणाचं बघू. ज्या संस्कृतीत बाळंतिणीला भीती वाटत नव्हती असं आपण म्हणतो, तिने बाळंतपणाभोवती उभं केलेलं जवळजवळ सगळं भीतीच्या पायावर आहे. पाचवीला सटवाईची पूजा, पाटा-वरवंटा, रात्रभर तेवता दिवा. सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, आणि तीच बाळाला धरतेही. पाळण्याखाली विळा, उशाखाली लोखंड. तिन्हीसांजेला बाळ बाहेर न्यायचं नाही, ओढा ओलांडायचा नाही, कारण पाण्याशी साती आसरा. गालावर काजळाचा टिळा, मीठमोहऱ्यांची दृष्ट. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, त्यात जरा आणि जिवंतिका मुलं खेळवताना दिसतात. यातली जरा महाभारतात राक्षसी आहे, जरासंधाची दोन शकलं जोडणारी. आणखी मागे गेलं तर अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीचं देवघर आहे. मुलं खाणारी यक्षी बुद्धाच्या उपदेशाने मुलांची राखणदार झाली, ही तिची कथा. काश्यपसंहितेत सूतिकेच्या रोगांवर अध्याय आहे आणि रेवतीकल्पात ‘जातहारिणी’ आहे, म्हणजे जन्मलेलं मूल हिरावून नेणारी. घरोघरी, लेण्यांत आणि वैद्यकाच्या ग्रंथांत जिच्यासाठी एवढी तजवीज केली गेली, ती भीती नव्हतीच असं कसं म्हणायचं?

यावर कुणी म्हणेल, ती भीती रास्त होती. होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जात. २०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा तो आकडा १६ होता. पण याच उत्तरात पूर्वपक्ष अडकतो. भीतीला तेव्हा इतकं कारण होतं, तर प्रमाणाबाहेर घाबरलेली बाई चारचौघींत उठून दिसलीच नसती. आणि दिसली तर तिच्या दुखण्याला भीती असं कुणी म्हटलंच नसतं. बाहेरचं झालंय, बाळंतवारं लागलंय, नजर बसलीय असं म्हणून तिला देवऋष्याकडे नेलं असतं. आजीच्या आठवणीत ‘घाबरट बाळंतीण’ सापडत नाही, कारण ती दुसऱ्या रकान्यात जमा झाली. आजी खोटं बोलत नाही. तिच्यासमोर जे घडलं त्याचा हिशेब वेगळ्या वहीत होता.

युरोपातही असंच झालं. लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने १८५८ साली गरोदर, बाळंत आणि पाजत्या बायकांच्या मनोविकारांवर अख्खा ग्रंथ लिहिला. तेव्हा मोबाईल नव्हता आणि घरंही आजच्यासारखी लहान झाली नव्हती. मात्र त्या काळी वैद्यांचं लक्ष भडक आजारांकडे गेलं, म्हणजे भ्रम आणि उन्माद यांकडे. गप्प राहून धास्तावणाऱ्या बाईकडे वैद्यक फार उशिरा वळलं. १९८७ मध्ये कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्स्की यांनी एडिनबरा प्रश्नावली तयार केली. तिचे दहा प्रश्न आज जगभर वापरतात. ती नैराश्य शोधण्यासाठी केली होती, पण तिच्यातले तीन प्रश्न चिंतेचे निघाले: विनाकारण स्वतःला दोष देणं, विनाकारण काळजी, विनाकारण घाबरणं. केवळ त्या तिघांवरूनही चिंतेचा अदमास येतो, हे पुढच्या संशोधकांच्या ध्यानात आलं. २०१७ मध्ये सिंडी-ली डेनिस आणि सहकाऱ्यांनी ३४ देशांतल्या १०२ अभ्यासांची गोळाबेरीज केली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत साधारण १५ टक्के आयांना चिंतेची ठळक लक्षणं होती, आणि दहातल्या एकीला निदान करण्याजोगा चिंताविकार.

आता भरलेलं घर. याची परीक्षा मराठी मुलुखाला लागूनच झाली आहे. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल, मेर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी २७० गर्भवतींची नोंद केली, त्यांचा बाळंतपणानंतर पाठपुरावा केला आणि २००२ साली निष्कर्ष छापले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. अभ्यास नैराश्याचा आहे, चिंतेचा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण ही दोन दुखणी बहुधा बरोबर येतात. कशाने धोका वाढला, हे मात्र बघण्यासारखं आहे. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यांतली कुठलीच गोष्ट घरात माणसं वाढवून दूर होत नाही. शेवटची तर माणसांमुळेच येते. पहिली मुलगी झाल्यावर दारात येणारी प्रत्येक बाई ‘लक्ष्मी आली’ म्हणते आणि लगेच ‘पुढच्या वेळी’ असंही म्हणते, तेव्हा बाळंतिणीभोवती गर्दी असते, आधार नसतो. माणसं किती आहेत याच्याआधी ती काय बोलतात ते बघायला हवं.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा रेंगाळते, कारण सगळा गुंता इथे आहे.

बाळ झाल्यावर आईच्या मनात नको ते विचार येतात. आपल्या हातून बाळ पडलं तर, अंघोळीच्या पाण्यात निसटलं तर, विळीवर आदळलं तर. आणि याहून भयंकर: आपणच त्याला काही केलं तर? कॅनडात निकोल फेअरब्रदर आणि शीला वूडी यांनी २००८ मध्ये ९१ पहिलटकरणींना हा प्रश्न सरळ विचारला. बाळाला अपघात होईल असे विचार एकूण एक आईच्या मनात येऊन गेले होते. आपणच मुद्दाम इजा करू असे विचार जवळपास निम्म्या जणींच्या मनात आले होते. या सगळ्या साध्या, धडधाकट आया होत्या. विचार येतो, अंगावर काटा येतो, बहुतेकींच्या बाबतीत तो निघूनही जातो. काहींच्या मनात तो अडकतो. ‘असं माझ्या मनात आलंच कसं’ या प्रश्नाने ती स्वतःचीच पहारेकरी होते. विळी माळ्यावर टाकते, बाळाला अंघोळ घालणं बंद करते, खिडकीच्या जवळ जात नाही. खंडाळा-लोणावळ्यात तर दर वळणाला दरी आहे. टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या रस्त्याने बाळाला घेऊन रिक्षात बसणार नाही, असं एखादी ठरवून टाकते.

इथे घर धावून येतं. ‘राहू दे, मी घालते अंघोळ.’ ‘तू नको उचलूस, आत्या घेतील.’ ‘विळी-बिळी सगळं आत ठेवलंय, तू निश्चिंत रहा.’ मायेचीच माणसं आहेत. आणि त्या दिवशी तिला खरोखर बरं वाटतं. पण मन यातून काय शिकतं? अंघोळ आपण घातली नाही म्हणून बाळ वाचलं. उद्या अंघोळीच्या घंगाळाकडे बघूनही छातीत धडधडेल, परवा बाळाला मांडीवर घ्यायला हात पुढे होणार नाहीत. दर टाळाटाळीने भीतीला पुरावा मिळतो. ‘काही होणार नाही गं’ हे दिवसातून वीस वेळा सांगणंही त्यातलंच. विसाव्या वेळी सांगेपर्यंत पहिल्या वेळचा दिलासा विरलेला असतो, आणि एकविसाव्याची गरज उभी राहिलेली असते.

जुनी रीत तर कधी उलट टोकाला जाते. उशाखाली सुरी असलीच पाहिजे असं घरचे म्हणतात, आणि जिला सुरीचीच धास्ती आहे ती रात्रभर डोळा लावत नाही. का, ते सांगायची सोय नाही. ‘मला भीती वाटते की मी बाळाला...’ हे वाक्य ती पूर्ण करू शकत नाही, कारण ऐकणारा बाळ काढून घेईल, वेडी म्हणेल, माहेरच्यांना बोलावून घेईल. म्हणून ती सुरी उशाखाली राहू देते आणि जागी राहते.

या दुखण्यावर पन्नासहून अधिक वर्षं जुनी आणि पारखलेली रीत आहे. लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की ज्याची भीती वाटते त्याच्या समोर रुग्णाला थोडं थोडं आणलं, आणि भीती शमवायला ती जी कर्मकांडं करते ती करू दिली नाहीत, तर भीती ओसरते. बाळंतिणीच्या बाबतीत याचा अर्थ असा: पहिल्या दिवशी तिने फक्त बाळाचे पाय पुसायचे, आजी बाजूला बसतील पण हात लावणार नाहीत. चार दिवसांनी मांडीवर घेऊन तेल लावायचं. मग अंघोळ, आजी दाराशी. मग अंघोळ, आजी पुढच्या खोलीत. प्रत्येक पायरीवर छाती धडधडेल, ती धडधडू द्यायची. पळून न जाता थांबलं तर ती आपोआप खाली येते, हे तिच्या शरीराला कळू द्यायचं. हे समुपदेशकाच्या देखरेखीखाली व्हावं हे उत्तम. पण त्यात जो हात लागतो तो घरचाच असतो. म्हणून मी एकत्र घराच्या विरोधात बोलत नाही. घरातली माणसं हवीतच, त्यांनी तिच्याऐवजी करू नये, तिच्याशेजारी बसावं.

लोणावळ्यात हा विषय निघाला की प्राणायाम आलाच. तो यावा. याच गावात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम उभं केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधन-नियतकालिक सुरू केलं. आसन-प्राणायाम शरीरात नेमकं काय करतो हे त्यांनी यंत्रं लावून, क्ष-किरणांखाली तपासलं; परंपरा सांगते म्हणून मान्य, असं ते मानत नव्हते. त्यांचाच कस इथे लावावा. संथ श्वसनाने शरीराचा ताण उतरतो आणि झोपेला मदत होते, हे ठीक. पण बाळाला मांडीवर घ्यायची वेळ आली की खोलीत जाऊन श्वास मोजत बसणं ही टाळाटाळच झाली, आणि जिला घाबरण्याचे झटके येतात तिला श्वासाकडे एकटक लक्ष दिल्याने कधी अधिकच गुदमरल्यासारखं होतं. ‘प्राणायाम कर’ एवढं सांगून सुटायचं असेल तर तो सल्ला अपुरा आहे. वेहेरगावच्या एकवीरेचा अंगारा लावायला माझी हरकत नाही. कोळी, आगरी आणि मावळातल्या कितीतरी घरांचं ते माहेर आहे, आणि गडावर जावळ काढायला बाळाला स्वतः कडेवर घेऊन चढलेली आई मला उपचाराच्याच वाटेवर दिसते. अंगारा लावून झाल्यावर ‘तुला नक्की कशाची भीती वाटते’ हे कुणी विचारणार नसेल, तर मात्र माझी तक्रार आहे.

एक आक्षेप विरुद्ध बाजूने येतो: असं केलंत तर प्रत्येक काळजी रोग ठरेल, आई म्हटली की काळजी असणारच. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो. काळजीने आई रात्री उठते, ताप आला तर दवाखाना गाठते. ती काळजी काम करते. रोगाची भीती काम थांबवते. त्यामुळे किती भीती वाटते हे विचारून फारसं हाती लागत नाही. भीतीपायी तू काय काय करायचं सोडलंस, हे विचारावं. अंघोळ सोडली, जिना सोडला, बाळ झोपल्यावरची स्वतःची झोप सोडली, पुन्हा दिवस राहतील म्हणून नवऱ्याच्या जवळ जाणं सोडलं, आणि हे दोन-तीन आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडे जायला हवं. डॉक्टरांनीही आधी रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या, आणि बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला तरी छाती धडधडते, हात कापतात. औषध लागलंच तर सर्ट्रालीनसारखं औषध दुधात फारच थोडं उतरतं, अंगावर पाजत असतानाही डॉक्टर ते देऊ शकतात. ‘गोळी घेतलीस तर दूध बंद’ हा धाक बऱ्याच जणींना उपचारापासून लांब ठेवतो.

आणखी एक फरक सर्वांना ठाऊक हवा. वर सांगितलेल्या आईला आपल्या विचारांची घृणा वाटते, म्हणूनच ती विळी लांब ठेवते. तिच्याकडून बाळाला धोका वाढत नाही. पण दर हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना वेगळाच आजार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप पार उडते, असंबद्ध बोलणं येतं, बाळाबद्दल विपरीत समजुती होतात आणि त्या तिला खऱ्या वाटतात. ही तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथेही बाळ हिरावलं जाईल ही धास्ती नको: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा वेगळं करता येत नाही, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई-बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग बरीच वर्षं चालू आहे.

हे सगळं आंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या वाडीपर्यंत जायचं कसं? माणूस आधीच तिथे जातो आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईच्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींची कल्पना महाराष्ट्रातूनच देशभर गेली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू किती घटतात ते १९९९ मध्ये दाखवून दिलं. आशाताईच्या फॉर्मात बाळाचं वजन आहे, तापमान आहे, आईचा ताप आहे, रक्तस्राव आहे. आईच्या मनाबद्दल एकच प्रश्न आहे: असंबद्ध बोलते का, झटके येतात का. म्हणजे हजारात एक-दोघींना गाठणारा प्रश्न आहे, आणि दहात एकीला गाठणारा नाही. चौदाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दोनच प्रश्न वाढवावेत: विनाकारण भीती किंवा धास्ती वाटते का, आणि त्यापायी बाळाचं कोणतं काम करायचं टाळता का.

आशाताईवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मान्य. तिला निदान करायला सांगू नये. तिने विचारावं, ऐकून घ्यावं, ‘असे विचार पुष्कळ आयांना येतात’ एवढं म्हणावं आणि आरोग्य केंद्रात कळवावं, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांना लिहून द्यावा. गोव्यात बाळंतपणाच्या आगेमागे नैराश्य असलेल्या २८० बायकांवरचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साध्या गृहिणींना ‘सखी’ म्हणून शिकवून घरोघर पाठवलं होतं. सहा महिन्यांनी सखी भेटलेल्या गटात बऱ्या झालेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा काहीसं जास्त निघालं. फरक फार मोठा नव्हता, पण तो पदवी नसलेल्या, त्याच गावच्या बायकांनी घडवला होता. मावळात अशा सखी शोधायला लांब जावं लागणार नाही. ज्या आजी आज ‘आमच्या वेळी नव्हतं’ म्हणतात, त्यांतल्याच कुणाला एकांतात विचारलं की पहिल्या बाळाच्या वेळी रात्री का जागत होता, तर बऱ्याचदा वेगळं उत्तर मिळतं. सुनेने आधी ते ऐकायला हवं.